चारशे तेवीस येतं कुठून?

पत्र: मी भांडुपच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ३८ मुलं. दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने गुणायला शिकवून तीन आठवडे झाले, तरी ४७ × ३६ फळ्यावर मांडलं की निम्म्या मुलांचं उत्तर चुकतं. पाढे बहुतेकांचे पाठ आहेत. क्लासला जाणारी काही मुलं तिरप्या रेघांच्या घरांची जाळी काढून गुणतात, दोघं व्हिडिओ बघून आडव्या-उभ्या रेघा मारून त्या छेदतात तिथले ठिपके मोजतात, एक जण तिरपा गुणाकार करतो. मी प्रशिक्षणात पाहिलेली चौकटीची पद्धत सुरू केली, तर पालक म्हणतात, 'आमच्या वेळी हे नव्हतं, सरळ उभं गणित शिकवा.' मुख्याध्यापक म्हणतात, एकच पद्धत ठरवा. कोणती ठरवू? आणि ज्यांना उभी मांडणी जमतच नाही त्यांचं काय करू?
– एक शिक्षिका, भांडुप

ताई,

मुख्याध्यापकांना द्यायचं उत्तर एका ओळीत मावेल: वर्षअखेरीस प्रत्येक मुलाला उभी मांडणी आली पाहिजे, आणि तिथवर जायचा रस्ता चौकटीतून जातो. या दोन वेगळ्या पद्धती नाहीतच, एकाच पद्धतीचे दोन टप्पे आहेत. पण ते नंतर. तुम्हीच लिहिलंय की पाढे पाठ आहेत. मग पुन्हा पाढे घोकून घेण्यात आठवडा घालवू नका, कारण मुलं अडतात ती जागा वेगळी आहे. ती आधी शोधू.

उद्या प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा द्या. त्यावर नाव आणि ४७ × ३६ हे एकच गणित. सात-आठ मिनिटं पुरे. खोडरबर दप्तरात. चुकलं तर त्यावर आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा करायचं, म्हणजे खुणा पुसल्या जात नाहीत. मधल्या सुट्टीत या चिठ्ठ्यांचे उत्तरांप्रमाणे ढीग लावा. बरोबर उत्तर १६९२. चुकलेल्या चिठ्ठ्या मोजक्याच ढिगांत बसतात, आणि प्रत्येक ढिगाचा आजार वेगळा असतो. सगळ्यांना एकच औषध देतो म्हणून तर तीन आठवडे जातात.

४२३ चा ढीग बहुधा सगळ्यांत उंच निघेल. या मुलाने ४७ ला ६ ने गुणून २८२ लिहिले, मग ४७ ला ३ ने गुणून १४१ लिहिले, तेही बरोबर एककाखाली एकक ठेवून, आणि बेरीज केली. त्याचे पाढे बरोबर, हातचे बरोबर, बेरीजही बरोबर. फक्त ३६ मधला ३ त्याच्या लेखी तीनच आहे, तीस नाही. आपण शेरा मारतो, 'शून्य द्यायला विसरलास', आणि लाल शाईने शून्य घालून देतो. पण ते शून्य का द्यायचं हे त्याला कधी समजलंच नव्हतं. जे कळलं नव्हतं ते विसरणार कसं? शंभरदा आठवण करून दिल्यावर तो शून्य देऊ लागेल, आणि पुढच्या वर्षी तीन अंकी गुणक आला की तिसऱ्या ओळीत किती शून्यं द्यायची ते विचारत तुमच्या टेबलापाशी येईल.

१८९२ चा ढीग फसवा आहे, कारण उत्तर खऱ्या उत्तराच्या आसपास दिसतं. पहिल्या ओळीत सहा साती बेचाळीस, खाली २, हातचे ४. तो ४ मुलाने ४७ मधल्या चाराच्या डोक्यावर लिहिला. बरोबरच केलं. दुसऱ्या ओळीत तीन साती एकवीस, खाली १, हातचे २. मग तीन चोक बारा. आता बारात मिळवायचे २, पण डोक्यावर अजून जुना ४ ठाण मांडून बसलेला. बारा आणि चार सोळा. १४१० च्या जागी १६१०. काही मुलं जुना आणि नवा दोन्ही हातचे मिळवतात, त्यांचं उत्तर २०९२ येतं. या मुलांना स्थानिक किंमत पुन्हा शिकवून काही होणार नाही, त्यांना वापरलेला हातचा खोडायला शिकवायचं आहे.

२२९२ आलं तर मुलाने हातचा आधी मिळवून मग गुणलं आहे: ४ आणि हातचे ४ मिळून आठ, सहा आठी अठ्ठेचाळीस, पहिली ओळ ४८२. ही सवय बेरजेतून आलेली असते. बेरजेत हातचा आधी घेतला काय नि शेवटी घेतला काय, उत्तर तेच. दुसरीत आपणच सांगतो, 'आधी हातचा घे, म्हणजे विसरणार नाहीस.' गुणाकारात तोच सल्ला अंगाशी येतो.

१६२ ही चूकसुद्धा बेरजेचीच देणगी. ६ × ७ चे ४२, ३ × ४ चे १२, त्यात हातचे ४ मिळवून १६. एककाने एककाला आणि दशकाने दशकाला गुणलं, मामला संपला. तिरके दोन गुणाकार या मुलांच्या गावीच नसतात.

उरलेल्या किरकोळ चिठ्ठ्यांत शेवटच्या बेरजेतली चूक सापडेल किंवा हातचा उलटा झालेला सापडेल, म्हणजे पहिल्या ओळीत २८२ ऐवजी २६४. ही आपल्या भाषेची खास भानगड आहे. 'बेचाळीस' म्हणताना आधी दोन ऐकू येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र चार आधी. ज्या मुलाची संख्यालेखनातली ही उलटापालट अजून पक्की झालेली नाही, तो खाली कोण नि वर कोण यात गडबडतो. 'एकोण'ची तर तऱ्हाच न्यारी. सात साती एकोणपन्नास म्हणताना कानात पन्नास घुमतं आणि हातचे पाच घेतले जातात. पाढ्यांत असा एकोणपन्नास एकटाच, पण हातचा मिळवला की एकोणतीस, एकोणसाठ सारखे भेटत राहतात. यावर साधा उपाय आहे: पाढा म्हटला की संख्या आधी बाजूला पूर्ण अंकांत लिहायची, ४९, आणि मग बघून ९ खाली, ४ वर. दोन आठवडे एवढं केलं की पुष्कळांना त्या बाजूच्या लिहिण्याची गरज उरत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणायच्या धाटणीच्या संख्यावाचनावरून केवढं रण माजलं होतं, आठवत असेल. त्या वादात इथे शिरायला नको. पण गुणाकाराच्या तासाला ४७ चं 'चाळीस आणि सात' असं मोठ्याने म्हणून घ्यायला कुणाची हरकत नसावी. आपल्याला पुढे नेमकं तेच करायचं आहे.

आता ४२३ आणि १६२ या दोन ढिगांसाठी, आणि खरं तर सगळ्या वर्गासाठी, सुरुवात दहाच्या पटींपासून करा. रोज तासाची पहिली पाच मिनिटं तोंडी, याच क्रमाने: ४ × ३, ४० × ३, ४ × ३०, ४० × ३०. शेवटच्याला '१२०' असा कोरस हमखास उठतो. 'शून्यं मोजा आणि तेवढी लावा' हा नियम इथे पुढे करायचा मोह होईल, तो आवरा. ५० × ४० आलं की पाच चोक वीस, त्यात एक शून्य आधीच दिसतं, मग मूल एकच शून्य लावून २०० करतं. आणि पुढे दशांश अपूर्णांकांत २.५ ला १० ने गुणताना तेच मूल २.५० लिहितं. त्यापेक्षा वाक्य पक्कं करा: दशक गुणिले एकक म्हणजे दशक, दशक गुणिले दशक म्हणजे शतक. चार दशक गुणिले तीन दशक, बारा शतक, बाराशे.

हे वाक्य नुसतं पाठ करून चालत नाही, डोळ्यांना दिसावं लागतं. त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा मिलिमीटरचा ग्राफ पेपर आणा. सहा सेंटीमीटरचा चौरस तुकडा एका मुलाला पुरतो. १८ × २४ सेंटीमीटर आखणीच्या कागदाचे असे १२ तुकडे निघतात, म्हणजे ३८ मुलांना चार कागद झाले. त्यावर ४७ मिलिमीटर लांब आणि ३६ मिलिमीटर रुंद आयत आखून घ्या. या कागदावर दर सेंटीमीटरला रेघ ठळक असते, त्यामुळे दहा-दहाचे भाग आयते पडलेले असतात, आपल्याला काहीच करावं लागत नाही. आयतात आडवे ४ आणि उभे ३ असे पूर्ण सेंटीमीटरचे १२ चौरस दिसतात. प्रत्येकात बारीक घरं १०० (एका चौरसातली मोजून घेऊ द्या, मुलं खुशीने मोजतात). म्हणजे १२००. हा भाग पिवळ्या रंगाने. उजवीकडे ७ रुंद आणि ३० उंच अशी पट्टी उरते, २१० घरं, ती हिरवी. खाली ४० लांब आणि ६ उंच पट्टी, २४० घरं, ती निळी. कोपऱ्यात ७ × ६, म्हणजे ४२ घरांचा चिमुकला तुकडा, तो लाल. चारही मिळून १६९२.

१६२ लिहिणाऱ्या मुलाला त्याची चिठ्ठी परत द्या आणि विचारा, 'यातले कोणते रंग तू गुणलेस?' पिवळा आणि लाल एवढंच तो दाखवेल, आणि त्यातही पिवळ्याची किंमत १२०० ऐवजी १२० धरलेली. हिरवी आणि निळी पट्टी वगळली हे त्याला सांगावं लागत नाही. ४२३ वाल्याला पिवळ्या भागावर बोट ठेवायला सांगून विचारा, 'एवढ्या एका भागातच किती घरं?' बाराशे. मग सगळ्या आयतात चारशे तेवीस कशी असतील? एवढ्या एका प्रश्नावर वर्गात जी कुजबुज होते ती होऊ द्या, लगेच उत्तर सांगून टाकू नका.

ग्राफ पेपर नाहीच मिळाला तर व्हरांड्यातल्या फूटभर लाद्या आहेत. आपल्याकडे 'दहा बाय बाराची खोली' हे शब्द मुलांच्या कानावर जन्मापासून पडतात, तेव्हा गुणाकार म्हणजे खोलीतल्या लाद्या हे फार समजावून सांगावं लागत नाही. खडूने १३ बाय १४ ची खोली आखा. आत दहा बाय दहाचा चौक, मग १० × ४ ची पट्टी, ३ × १० ची पट्टी आणि कोपऱ्यात ३ × ४. १००, ४०, ३०, १२. एकूण १८२ लाद्या, आणि शंका असली तर मोजायला मुलं आहेतच.

ग्राफ पेपरवर दोन तास, फार तर तीन. त्यानंतर प्रमाणात आखायची गरज नाही, वहीत हाताने काढलेली चौकट चालते:

× | ४० | ७
३० | १२०० | २१०
६ | २४० | ४२

इथे तीन गोष्टींवर नजर ठेवा. काही मुलं चौकटीच्या कडेला ४० आणि ३० ऐवजी ४ आणि ३ लिहितात. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काही जण चारही तुकडे आडवे लिहून तोंडी बेरीज करतात आणि तिथे चुकतात. बेरीज उभीच मांडून घ्या, मोठी संख्या वर. आणि तिसरी गोष्ट आपल्याबद्दलची: चौकट सोपी वाटते, उत्तरं बरोबर येऊ लागतात, म्हणून आपण तिथेच रमतो. चार-पाच तासांच्या वर रमू नका.

कारण खरा सांधा पुढे आहे, आणि तोच बहुतेक वर्गांत राहून जातो. चौकटीतल्या प्रत्येक ओळीची आडवी बेरीज करायला सांगा. खालची ओळ: २४० आणि ४२, झाले २८२. वरची ओळ: १२०० आणि २१०, झाले १४१०. शेजारी फळ्यावर उभी मांडणी करून ठेवा:

  ४७
× ३६
२८२ … ४७ × ६
१४१० … ४७ × ३०
१६९२

चौकटीतल्या आणि मांडणीतल्या दोन्ही २८२ भोवती एका रंगाने गोल करा, दोन्ही १४१० भोवती दुसऱ्या. बोलू नका, थांबा. दुसऱ्या ओळीतलं ते शून्य कुठून आलं हे कुणीतरी मागच्या बाकावरून सांगेल. ते 'द्यायचं' शून्य नाहीच, तिसाने गुणल्यावर येणारं शून्य आहे. हा एक तास नीट झाला तर ४२३ चा ढीग अर्ध्यावर येतो.

मग उभी मांडणी. थेट दोन ओळींवर उडी मारण्याआधी दोन दिवस चार ओळींची लांब मांडणी करून घ्या: ४७ × ३६ खाली ४२, २४०, २१०, १२०० एकाखाली एक, आणि प्रत्येकीसमोर ६ × ७, ६ × ४०, ३० × ७, ३० × ४० असं लिहायचं. यात हातचाच नाही. ज्यांचा हातचा कच्चा आहे त्यांना इथे पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो, आणि एखाद्या मुलाने वर्षभर हीच लांब मांडणी केली तरी काही बिघडत नाही.

दोन ओळींच्या मांडणीत शिस्त एवढीच. दुसरी ओळ सुरू करताना मुलाने 'आता तिसाने' असं तोंडाने म्हणायचं, एककाच्या घरात शून्य लिहायचं आणि मगच पाढा म्हणायचा. काही घरांत शून्याऐवजी फुली मारतात. चूक नाही, वडिलांनी शिकवलेल्या फुलीला मार्क कापू नका. पण फुलीने ती ओळ १४१ च दिसते, शून्याने १४१० दिसते, म्हणून वर्गात शून्य. हातचा मिळवला की लगेच त्यावर तिरकी काट. दुसऱ्या ओळीचे हातचे पहिल्या हातच्यांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. १८९२ वाल्यांना एवढ्यानेच गुण येतो. २२९२ वाल्यांकडून 'गुण, मग मिळव' असं पुटपुटून घ्या, आणि त्यांना आठवडाभर फक्त एक अंकी गुणक द्या. वही चौकटीची, एका घरात एक अंक. एकेरी रेघेच्या वहीत आकडे तिरपे सरकतात आणि शेवटची बेरीज भलत्याच घरांची होते.

मधल्या शून्याला एक वेगळा तास द्या. ३०५ × २४. चार पंचे वीस, खाली शून्य, हातचे २. चार गुणिले शून्य, शून्य. अधिक हातचे २. इथे काही मुलं 'शून्य म्हणजे काहीच नाही' म्हणत हातचाही सोडून देतात आणि पहिली ओळ १२२० ऐवजी १२०० येते. काही जण चार गुणिले शून्य चार म्हणतात, कारण बेरजेत चार अधिक शून्य चार असतं. उत्तर ७३२०. तीन अंकी गुण्याला चौकटीत फक्त एक रकाना वाढतो: २३६ × ४५ साठी ८०००, १२००, २४०, १०००, १५०, ३०, एकूण १०६२०. नवीन काही शिकवावं लागत नाही.

उत्तर तपासायची सवय गणित सोडवण्याच्या आधी लावा. ४७ × ३६ बघितल्याबरोबर तळ आणि छत लिहायचं: ४० × ३० बाराशे, ५० × ४० दोन हजार. उत्तर या दोन मजल्यांच्या मधे हवं. ४२३ आणि १६२ तळाखाली जातात, २०९२ आणि २२९२ छत फोडतात. १८९२ मात्र मधे बिनधास्त बसतं. त्याला नवाचा ताळा पकडतो, म्हणजे संख्येचे अंक मिळवत एका अंकावर यायचं, नऊ आले तर ० धरायचं, आणि दोन्ही संख्यांच्या अशा अंकांचा गुणाकार उत्तराच्या अंकाशी जुळतो का बघायचं. ४ आणि ७ अकरा, म्हणजे २, ३ आणि ६ नऊ, म्हणजे ०, गुणाकार ०. १८९२ चे अंक २०, म्हणजे २. जुळत नाही. पण जुन्या लोकांच्या या आवडत्या ताळ्यावर एकट्याने विसंबू नका. ४२३ चे अंक मिळवून बघा: नऊ, म्हणजे ०. ताळा जुळला! एखादं शून्य गळलं तर अंकांच्या बेरजेला त्याचा पत्ता लागत नाही, म्हणजे सगळ्यांत जास्त होणारी चूकच त्यातून निसटते. म्हणून आधी तळ-छत, मग ताळा.

आता बाकीच्या पद्धती. जाळीवाल्या मुलांना अडवू नका. जाळीत सगळे गुणाकार आधी आणि सगळ्या बेरजा नंतर, त्यामुळे गुणताना मधे हातचा येत नाही. हातचा कच्चा असलेल्याला ती सोयीची पडते. तिची खोट अशी की मूल 'चार त्रिक बारा' म्हणून एका घरात १ आणि २ लिहितं, आणि ते बाराशे आहेत हे त्याला कळावं लागतच नाही. तिरप्या रेघा स्थान सांभाळतात, मुलाला सांभाळावं लागत नाही. म्हणून जाळी काढणाऱ्याला एवढंच विचारा, 'हा १२ म्हणजे किती?' बाराशे म्हणाला तर त्याची जाळी त्याला लखलाभ. ही पद्धत परदेशी वाटते खरी, पण मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथावर जी टीका लिहिली तिच्यात ती आहे.

रेघा आणि ठिपके गंमत म्हणून एक दिवस ठीक. १२ × २१ छान दिसतं. मग त्याच दोघांना फळ्यावर ८९ × ९७ करायला बोलवा. १७ रेघा आडव्या, १६ उभ्या, मोजायचे छेद २७२. तास संपेल, गणित संपणार नाही. तिरपा गुणाकार करणाऱ्याचं गणित मात्र चौकटीचंच आहे: ४२, मग ४ × ६ आणि ७ × ३ मिळून ४५, मग १२. ते ४५ म्हणजे निळी आणि हिरवी पट्टी, ४५ दशक. त्याला ग्राफ पेपरवर त्या पट्ट्या दाखवता आल्या तर वर्गासमोर उभं करा. नाही आल्या तर क्लासमधली युक्ती पाठ आहे एवढाच त्याचा अर्थ.

मार्कांचं म्हणाल तर, प्रश्नात 'उभी मांडणी करा' असं लिहिलं असेल तेव्हाच मांडणीचे मार्क मांडणीला. नाहीतर रीत दाखवलेली आहे आणि उत्तर बरोबर आहे, तर पूर्ण मार्क. हे पालकसभेत आधीच सांगून टाका.

आणि 'आमच्या वेळी हे नव्हतं' म्हणणाऱ्या आजोबांना नम्रपणे सांगा की हे त्यांच्याही आधी आठशे वर्षं होतं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त १३५ × १२ हे उदाहरण घेतलं आहे आणि ते अनेक रीतींनी सोडवलं आहे. त्यातल्या एकीत १२ चे ८ आणि ४ असे तुकडे केले, दोघांनी १३५ ला वेगवेगळं गुणलं, १०८० आणि ५४०, बेरीज १६२०. दुसऱ्या एकीत स्थानांप्रमाणे तुकडे पाडले, एक दशक आणि दोन एकक. तुमची चौकट हेच करते, फक्त भोवती चार रेघा आखते. सभेत पालकांच्या हातात ग्राफ पेपरचा एकेक तुकडा दिलात तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. दुसऱ्या ओळीतलं शून्य का येतं हे त्यांच्यापैकीही कितीकांना पहिल्यांदाच दिसलेलं असेल.

राहिली ती मुलं, ज्यांना काहीच जमत नाही. त्यांच्यासमोर दोन अडचणी एकदम येतात, शून्याची आणि हातच्याची. त्या वेगळ्या करा. हातच्यासाठी फक्त ४७ × ६, ३८ × ४ असली गणितं. शून्यासाठी हातचा न येणारी: २३ × १२, ३२ × २१, ४१ × १२. दोन्ही स्वतंत्र जमल्यावरच एकत्र. पाढे कच्चे असतील तर गणिताच्या वेळी पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. एका वेळी एकच गोष्ट शिकायची असते. आणि दिवसाला गणितं चार किंवा पाच, वीस नाहीत. तीच चूक वीसदा केली की ती पक्की होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठ्या घ्या. या वेळी ६८ × ४७, उत्तर ३१९६. ढीग लावायला सोपं जावं म्हणून आकडे देऊन ठेवतो: दुसरी ओळ न सरकवणाऱ्यांचं ७४८, जुना हातचा घेणाऱ्यांचं ३३९६, दोन्ही हातचे मिळवणाऱ्यांचं ३६९६, आधी मिळवून मग गुणणाऱ्यांचं ४३९६ आणि तिरके गुणाकार सोडणाऱ्यांचं २९६. छप्पन उलटे लिहिणारे पहिल्या ओळीत ४७६ ऐवजी ४८५ वर सापडतील. ७४८ च्या ढिगात जेवढी नावं उरतील, तेवढ्यांनाच पुन्हा ग्राफ पेपर द्या. बाकीच्यांना पुढे जाऊ द्या.